नोतोला पहिल्यांदा जाताना: दुपारी पोहोचा आणि रात्र तिथेच काढा

सिराकूझाहून सकाळची बस धरायची, मुख्य रस्त्यावर दोन-तीन तास फिरायचं, कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर फोटो काढायचे आणि जेवून परत निघायचं. इटलीतल्या सिसिली बेटाच्या आग्नेय कोपऱ्यातलं नोतो हे गाव बरेच जण असंच उरकतात. अशा सहलीत वेळच चुकते. डोक्यावर तळपणारं ऊन आणि दुपारची बंद दारं, एवढंच हाती लागतं. नोतोचा दगड पिवळसर चुनखडीचा आहे आणि तो खुलतो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. म्हणून पहिली सूचना हीच: एक मुक्काम तरी करा. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

११ जानेवारी १६९३ रोजी आग्नेय सिसिली भूकंपाने हादरली. दोन दिवस आधी, ९ तारखेला, एक मोठा धक्का बसून गेला होता; ११ तारखेच्या धक्क्याने उरलंसुरलं पाडलं. साठ हजारांच्या आसपास माणसं दगावली. कातानिया, रागूझा, मोदिका अशी कितीतरी गावं जमीनदोस्त झाली आणि त्यात आल्व्हेरिया डोंगरावरचं जुनं नोतोही होतं.

बाकीच्या बऱ्याच गावांनी पडल्या जागीच घरं बांधली. नोतो मात्र हललं. सिसिली तेव्हा स्पेनच्या राजाकडे होती. त्याच्या व्हाइसरॉयने पुनर्बांधणीचं काम कामास्त्राचा ड्यूक जुझेप्पे लान्झा याच्याकडे सोपवलं आणि समुद्राच्या बाजूला सुमारे ८ किलोमीटरवर, आसिनारो नदीकाठच्या उतारावर, कोऱ्या जमिनीवर नवं गाव आखलं गेलं. सगळे खुशीने आले असं मुळीच नाही. जुनी जागा सोडावी की नाही यावर गावात वर्षानुवर्षं भांडणं झाली. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याकडे किल्लारी आणि आसपासची गावं नव्या जागी वसवली गेली, तेव्हाचे वाद ज्यांनी जवळून पाहिले त्यांना हे ओळखीचं वाटेल. दोन्ही भूकंपांत तीनशे वर्षांचं अंतर आहे.

आज दिसणारं नोतो हे असं एका आखणीतून उभं राहिलेलं गाव आहे. सरळ रस्ते, मोकळे चौक, खालच्या टप्प्यावर सरदार-दरकदार आणि धर्मसंस्था, वरच्या सपाटीवर साधी माणसं. रोझारियो गाल्यार्दी, व्हिंचेन्झो सिनात्रा आणि पाओलो लाबीझी ही इथल्या वास्तुकारांची तीन नावं लक्षात ठेवा. माहितीच्या फलकांवर तीच पुन्हा पुन्हा भेटतात. २००२ मध्ये युनेस्कोने ‘वाल दी नोतो’ या भागातली आठ बरोक गावं जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यातलं हे एक.

बरोक म्हणजे काय, याची धास्ती नको. जुन्या गोव्यातलं बाँ जेझूस किंवा सेंट कॅजेटनचं चर्च पाहिलं असेल तर या शैलीशी तुमची तोंडओळख झालेलीच आहे. फरक एवढाच की गोव्यात ती मुख्यतः चर्चमध्ये भेटते. नोतोत ती राहत्या वाड्यांच्या सज्जांपर्यंत उतरली आहे. त्यामुळे इथे मान वर करून चालावं लागतं.

महिना कोणता निवडायचा

एप्रिल, मे, आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट शक्य असेल तर टाळाच. आपण उन्हाळ्याला सरावलेले आहोत हा भ्रम सिसिलीत चालत नाही: ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिराकूझाजवळच्या फ्लोरिदियात ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि तो युरोपचा अधिकृत उच्चांक आहे. शिवाय १५ ऑगस्टच्या आसपास अर्धी इटली सुट्टीवर असते. खोल्या महाग आणि समुद्रकिनारे तुडुंब.

मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारच्या सुमारास इथे ‘इन्फियोराता’ भरतो. निकोलाची नावाच्या चढाच्या रस्त्यावर फुलांच्या पाकळ्यांनी भलीमोठी चित्रं काढतात. १९८० पासून हे चालू आहे. आपल्याला रांगोळीची सवय असल्यामुळे हे पाहायला मजा येते, हे खरं. पण त्या दोन-तीन दिवसांत त्याच रस्त्यावरचे सज्जे शांतपणे पाहता येत नाहीत, गर्दीने मुंगीच्या पावलांनी चालावं लागतं. गाव पाहायचं असेल तर इन्फियोराता सोडून या. इन्फियोराताच पाहायचा असेल तर खोली काही महिने आधी ठरवा.

थंडीत येणाऱ्यांसाठी एक वेगळं आमिष आहे. फेब्रुवारीत आसपासचे बदाम फुलतात आणि १९ तारखेला गावाचा संत कोर्रादो याचा उत्सव असतो. त्याच्या अवशेषांची चांदीची पेटी खांद्यांवर घेऊन मिरवणूक निघते. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारीही ती निघते, पण फेब्रुवारीत गाव आपल्या लोकांचं असतं.

व्हिसा आणि विमान

हे थोडक्यात. शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासात सर्वांत जास्त रात्री इटलीत काढणार असाल तर अर्ज इटलीकडे करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. मुंबई-पुण्याच्या सुट्टीच्या मोसमात भेटीची वेळ मिळणं हीच खरी अडचण, म्हणून तीन महिने आधी हालचाल सुरू करा. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कवच देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने असावी.

जवळचा मोठा विमानतळ कातानियाचा, फोंतानारोसा. भारतातून थेट विमान नाही. रोम, मिलान किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं.

कातानियाहून नोतोला

तीन मार्ग आहेत आणि माझी पसंती बसला.

बस विमानतळाच्या बाहेरूनच सुटते, दीड तासाच्या आसपास वेळ घेते आणि नोतोच्या सार्वजनिक बागेपाशी सोडते. तिथून गावाची वेस, पोर्ता रेआले, पायी दोन मिनिटांवर. तिकीट ऑनलाइन घ्या किंवा ‘ताबाक्की’ म्हणजे पानबिडीच्या दुकानात. बाहेर मोठं ‘टी’ अक्षर असलेली पाटी असते. रविवारी फेऱ्या कमी होतात, वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

रेल्वेने जायचं तर सिराकूझाला गाडी बदलायची. पुढचा प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा. गाडी लहान, खिडकीतून लिंबांच्या बागा, भाडं माफक. पण गाड्या मोजक्या, रविवारी तर फारच थोड्या, आणि स्टेशन गावाच्या खाली आहे. तिथे रिक्षा-टॅक्सी उभ्या नसतात. बॅग ओढत पंधरा-वीस मिनिटांचा चढ चढायची तयारी असेल तरच. आणखी एक: छापील प्रादेशिक तिकीट गाडीत बसण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो. तिकीट आहे पण शिक्का नाही, तरी दंड होतो.

भाड्याची गाडी घेणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. आणि ‘झेड टी एल’ ही पाटी ओळखायला शिका. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेला तो भाग. तिथे पोलीस अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत कित्येक महिन्यांनी घरी येते. रस्त्याकडेच्या निळ्या पट्ट्या म्हणजे पैसे भरून पार्किंग, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे राखीव. गाडी वेशीबाहेर लावा. आतलं सगळं गाव पायी होतं.

खोली कुठे घ्यायची

नकाशावर कॅथेड्रलपासून दोनशे मीटर दिसणारी खोली प्रत्यक्षात ऐंशी पायऱ्या वर असू शकते. नोतो उतारावर आहे आणि खालचं व वरचं गाव जोडणाऱ्या वाटा बहुतेक पायऱ्यांच्या आहेत. आई-वडील सोबत असतील, कोणाचे गुडघे दुखत असतील तर खोली कोर्सोवर, म्हणजे मुख्य रस्त्यावर, किंवा त्याच्या खालच्या बाजूला घ्या, आणि लिफ्ट आहे का हे लेखी विचारा. जुन्या वाड्यांत ती सहसा नसते. तरुणांनी मात्र वरच्या भागात राहावं. भाडं कमी, आणि सकाळी खिडकी उघडली की खाली छपरं आणि दूरवर समुद्र. स्थानिक पर्यटन कर खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो, तो वेगळा मागतात.

पहिली संध्याकाळ: फक्त चाला

सामान टाकून, थोडं पडून, चार-साडेचारनंतर बाहेर पडा. दुपारी साधारण एक ते चार दुकानं आणि बरीच चर्च बंदच असतात, त्यामुळे काही बुडत नाही. पहिल्या दिवशी कुठेही तिकीट काढू नका.

सुरुवात पोर्ता रेआलेपासून. ही कमान १८३८ मध्ये राजा दुसरा फर्दिनांद गावाला भेट द्यायला येणार म्हणून उभारली. वर पाहिलंत तर तीन आकृत्या दिसतील: कुत्रा, बुरूज आणि पेलिकन पक्षी. निष्ठा, बळ आणि त्याग. राजाला काय सांगायचं ते गावाने दारावरच मांडून ठेवलं होतं.

कमानीतून आत शिरलं की कोर्सो व्हित्तोरियो इमान्वेले हा मुख्य रस्ता सरळ पश्चिमेला जातो. पूर्व-पश्चिम आखणीचा फायदा संध्याकाळी कळतो. सूर्य रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे उतरतो आणि उजेड लांबच्या लांब आत शिरतो. दर्शनी भिंतींवरचं कोरीवकाम सावल्यांनी उठून दिसतं. दुपारी सपाट वाटलेली भिंत हीच, यावर विश्वास बसत नाही.

वाटेत तीन चौक लागतात. पहिल्यात उंच जिन्यावर सान फ्रांचेस्कोचं चर्च. जवळच सांता किआरा. त्याच्या कोर्सोकडच्या भिंतीकडे नीट पाहा. जुनं प्रवेशद्वार बुजवलेलं आहे आणि ते पायांच्या पातळीपेक्षा बरंच वर आहे. एकोणिसाव्या शतकात रस्ता खणून खाली नेला, दार तिथेच राहिलं.

मधला चौक कॅथेड्रलचा. रुंद पायऱ्या, वर सान निकोलोचं कॅथेड्रल, समोर सिनात्राने आखलेला पालाझ्झो दुचेझियो, म्हणजे इथलं नगरपालिकेचं कार्यालय. पायऱ्यांवर बसा आणि हे लक्षात घ्या की मागे दिसणारा घुमट जुना नाही. १३ मार्च १९९६ च्या रात्री तो कोसळला, आणि त्याबरोबर छताचा मोठा भागही. आत कोणी नव्हतं म्हणून जीवितहानी टळली. १९९० च्या भूकंपाने खांब आधीच खिळखिळे झाले होते; शिवाय बाहेरून भक्कम दिसणाऱ्या त्या खांबांच्या पोटात नुसते दगडगोटे आणि हलका चुना भरलेला होता, आणि विसाव्या शतकात वर काँक्रीटचं जड छत चढवलं होतं. दुरुस्ती करताना स्थानिक दगड आणि जुन्या बांधकामपद्धतीच वापरल्या. २००७ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. ‘जुनं ते भक्कम’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे खांब दाखवेन.

पुढे उजवीकडे निकोलाचीचा चढ येतो. इथे घाई करायची नाही. पालाझ्झो निकोलाची दी व्हिल्लादोराता या वाड्याचे सज्जे खालून पेलणारे दगड पाहा: सिंह, पंखांचे घोडे, जलपऱ्या, दाढीवाले म्हातारे, गुबगुबीत मुलं. एका सज्ज्याखालचं दुसऱ्यासारखं नाही. लोखंडी कठडे पोट काढल्यासारखे बाहेर फुगलेले आहेत, तेही पाहा. आधी रस्त्याच्या एका कडेने वर जा, मग दुसऱ्या कडेने खाली या. चेहऱ्यांचे भाव बदलतात. वरच्या टोकाला मोन्तेव्हेर्जिनेचं चर्च रस्ता बंद करतं. त्याची दर्शनी भिंत आत वळलेली आहे.

आता कोर्सोवर परत येऊन तिसऱ्या चौकात गाल्यार्दीचं सान दोमेनिको पाहा. त्याची भिंत नेमकी उलटी, बाहेर फुगलेली. वळणाऱ्या भिंती हे बरोकचं मुख्य लक्षण का मानतात, हे या दोन चर्चमधल्या पाच मिनिटांच्या चालण्यात कळतं. त्यासाठी पुस्तक नको.

दुसरी सकाळ: आत शिरा

आठच्या सुमाराला कोर्सो रिकामा असतो. सिराकूझाच्या बस अजून यायच्या असतात. फोटो आत्ताच काढून घ्या. दारं उघडली की या क्रमाने जा.

कॅथेड्रल आतून पांढरं, शांत आहे. घुमटातली चित्रं नवी, ओलेग सुपेरेको या रशियन चित्रकाराची. सोन्याचा लखलखाट अपेक्षित असेल तर थोडा हिरमोड होईल. ती हौस सांता किआरात फिटते: लंबगोल सभागृह, कडेने खांब, पांढऱ्या-सोनेरी नक्षीचा मुक्त हात. तिकीट काढून गच्चीवर जाता येतं. सान कार्लो चर्चच्या घंटामनोऱ्यावरही चढता येतं, पण जिना अरुंद आहे. दोन्हींपैकी एकच करायचं असेल तर मी सांता किआरा म्हणेन, कारण तिथून कॅथेड्रल बाजूने दिसतं. नगरपालिकेच्या गच्चीवरून ते समोरून दिसतं. निकोलाचीच्या वाड्यातल्या खोल्याही तिकिटाने पाहता येतात. त्या बऱ्या आहेत, पण त्या घराचं सगळं वैभव बाहेर सज्जांवरच खर्च झालंय असं वाटतं.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी किंवा पंचा बॅगेत ठेवा. प्रार्थना चालू असेल तर फिरू नका, मागे बसा.

वेळ आणि पाय साथ देत असतील तर पायऱ्या चढून वरच्या गावात सांतिसिमो क्रोचिफिस्सोचं चर्च गाठा. आत फ्रांचेस्को लाउरानाने १४७१ मध्ये घडवलेली मेरीमातेची संगमरवरी मूर्ती आहे. साल पाहा: भूकंपाच्या दोनशे वर्षं आधीची. जुन्या नोतोतून खाली आलेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक. वर पर्यटक फारसे येत नाहीत, वाळत घातलेले कपडे आणि दारात बसलेल्या आज्या दिसतात. त्यांच्याकडे पाहून ‘बुओनजोर्नो’ म्हणा, फोटो मात्र विचारूनच.

खाणं, आणि शाकाहाऱ्यांची सावधगिरी

सकाळी ग्रानिता खा. बर्फाचा बारीक, मऊ गोळा, सोबत ब्रिओश पाव. इथे हा नाश्ता आहे. बदामाचा आधी, मग लिंबाचा, मोसमात तुतीचा. नोतो आणि शेजारचं आव्होला बदामासाठी प्रसिद्ध आहेत, आणि कोर्सोवरचं १८९२ पासूनचं काफे सिचिलिया त्यासाठी नावाजलेलं आहे. रांग असते. रांगेचा कंटाळा असेल तर बाजूच्या गल्लीतल्या साध्या बारमध्येही (इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) बदामाचा ग्रानिता चांगला मिळतो. कॉफी काउंटरवर उभ्याने स्वस्त, टेबलाशी बसलं की महाग. हॉटेलच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो दिसले तर ती फसवणूक नाही, बसण्याचा आकार आहे.

शाकाहाऱ्यांचे इथे हाल होत नाहीत. वांग्याची पास्ता आल्ला नोर्मा, आंबटगोड कापोनाता, वाल-पावट्यासारख्या फावा दाण्यांचं दाट सूप माक्को, वांगं-चीजची पार्मिजाना. अडचण लपलेल्या मांसाची आहे. रिकोट्टा भरलेली राव्हिओली शाकाहारीच असते, पण तिच्यावरचा रस्सा बहुधा डुकराच्या मांसाचा. भाताचा तळलेला आरांचिनो ‘आल बुर्रो’ म्हणजे लोण्याचा म्हणून घेतला तरी आत हॅम निघतं. पालकाचा किंवा नोर्मा मागा. टोमॅटोच्या साध्या पास्तातही खारवलेली अँकोव्ही मासळी विरघळवलेली असू शकते. आणि कान्नोलीचं कुरकुरीत आवरण पारंपरिक रीतीने ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराच्या चरबीत तळतात. ‘चे स्त्रुत्तो?’ एवढं विचारलं की दुकानदार खरं सांगतो. ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी ‘सेंझा चिपोल्ला, सेंझा आल्यो’ कागदावर लिहून न्यावं आणि पिझ्झा-फळांची तयारी ठेवावी. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळणं कठीण आहे. मुलं सोबत असतील तर खोलीवर काहीतरी ठेवा.

आणखी एक दिवस असेल तर

गाडी असेल तर जुन्या नोतोच्या डोंगरावर जा. दरवाजा, किल्ल्याच्या भिंती आणि झुडपांत हरवलेल्या गल्ल्या. सार्वजनिक बस तिथे जात नाही, सावली आणि दुकान नाही, म्हणून पाणी आणि चांगले बूट घेऊन सकाळीच. गाडी नसेल तर याच रेल्वेमार्गावरचं शिक्ली किंवा मोदिका निवडा. शिक्ली लहान आणि निवांत. मोदिका मोठं, चढउताराचं, आणि दाणेदार साखर न विरघळलेल्या चॉकलेटसाठी प्रसिद्ध. एका दिवसात दोन्ही करू नका. दुपारची बंद दारं तिथेही तशीच आहेत.

समुद्र हवा असेल तर व्हेंदिकारीचं संरक्षित क्षेत्र जवळ आहे: पाणथळ, रोहित पक्षी, जुन्या ट्यूना कारखान्याचे अवशेष. तिथेच वाटेवर तेल्लारोचा रोमन वाडा, जमिनीवर चौथ्या शतकातली मोझेक चित्रं. उन्हाळ्यात आधी मोझेक, मग पाणी.

परतीचं बसचं तिकीट आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा. रविवारी ताबाक्की बंद असतात, आणि विमानतळाच्या सकाळच्या फेऱ्या पर्यटकांनी भरतात. बागेपाशी दहा मिनिटं आधी उभे राहा, बस दिसली की हात करा. हात नाही केला तर चालक पुढे निघून जाऊ शकतो.